स्पॅनिशमध्ये ‘कर्मणी’ वाक्य कधी करायचं आणि कधी टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यार्थ्याने ‘बी 1’ (मध्यम) पातळीच्या परीक्षेच्या तयारीसाठी लिहिलेल्या निबंधातली चार वाक्यं शिक्षकांनी बदलली आणि शेरा दिला, ‘व्याकरण बघितलंस, स्पॅनिश बघितलं नाहीस.’ वाक्यं अशी (स्पॅनिश शब्द सगळीकडे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे):

‘एल एस्पान्योल एस आब्लादो आकी’ – इथे स्पॅनिश बोललं जातं.
‘मि बिसिक्लेता फुए रोबादा’ – माझी सायकल चोरली गेली.
‘फुई दादो उन लिब्रो’ – मला एक पुस्तक दिलं गेलं.
‘एस्ता कासा फुए कोन्स्त्रुइदा पोर मि आबुएलो’ – हे घर माझ्या आजोबांकडून बांधलं गेलं.

पाचवं वाक्य मात्र शिक्षकांनी जसंच्या तसं ठेवलं: ‘एल कानाल दे पानामा फुए इनाउगुरादो एन 1914’, म्हणजे पनामा कालव्याचं उद्घाटन 1914 मध्ये झालं. रचना तीच असताना चार चूक आणि एक बरोबर, हे कसं?

मी स्पॅनिश शिकवते आणि स्पॅनिशमधून मराठीत अनुवादही करते. माझ्या मते या गोंधळाचं मूळ शाळेत आहे. इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग’ असं आपल्या डोक्यात पक्कं बसवलं जातं. मग आपण स्पॅनिशकडे इंग्रजीच्या दारातून जातो आणि प्रत्येक पॅसिव्ह वाक्याला ‘सेर’ (असणे; भूतकाळात ‘फुए’, अनेकवचनी ‘फुएरोन’) हे क्रियापद आणि भूतकृदन्त (‘केलेला’सारखं रूप) जोडून मोकळे होतो. इंग्रजीत ही एकच रचना अनेक कामं करते. स्पॅनिशने तीच कामं चार-पाच वेगळ्या रचनांमध्ये वाटून दिली आहेत, आणि मराठीनेही जवळपास तशीच. म्हणून मराठी माणसाने इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून स्पॅनिशकडे जावं, असं मी आग्रहाने सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘मी पत्रं लिहिली’ हा मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. पण अर्थाने हे साधं, सरळ वाक्य आहे. ‘मी’ लिहिणारा समोर उभा आहे. स्पॅनिशमध्ये ते ‘ए एस्क्रितो लास कार्तास’ असं कर्तरीच होतं. स्पॅनिशच्या ‘सेर’ रचनेला जुळतो तो आपला ‘जाणे’ लावून होणारा प्रयोग, ‘पत्रं लिहिली गेली’. आणि त्याहूनही जवळचं म्हणजे बातम्यांमधलं ‘करण्यात आले’. ‘पुलाचे उद्घाटन करण्यात आले’, ‘दोघांना अटक करण्यात आली’ या मराठीचा जो सूर आहे, तोच ‘फुए इनाउगुरादो’चा. घरी जेवताना कोणी ‘भाजी करण्यात आली आहे’ असं म्हणत नाही. विद्यार्थ्याची चार वाक्यं शिक्षकांच्या कानाला तशी लागली.

रचनेबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण मराठी माणसाला ती सोपी जाते. कृदन्त नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं: ‘एल दोकुमेन्तो फुए फिर्मादो’ (कागदावर सही केली गेली), ‘ला कार्ता फुए फिर्मादा’ (पत्रावर सही केली गेली), ‘लोस दोकुमेन्तोस फुएरोन फिर्मादोस’, ‘लास कार्तास फुएरोन फिर्मादास’. केला-केली-केले म्हणणाऱ्याला यात नवं काही नाही. अनियमित कृदन्तं तेवढी पाठ करा: आबिएर्तो (उघडलेला), एस्क्रितो (लिहिलेला), एचो (केलेला), दिचो (सांगितलेला), बिस्तो (पाहिलेला), पुएस्तो (ठेवलेला), रोतो (मोडलेला), रेसुएल्तो (सोडवलेला), कुबिएर्तो (झाकलेला). छापण्याच्या क्रियापदाला ‘इम्प्रेसो’ आणि ‘इम्प्रिमिदो’ अशी दोन रूपं आहेत, दोन्ही चालतात.

एक चूक मात्र खास मराठी भाषकांची आहे. ‘मी पत्रं लिहिली’ यात क्रियापद ‘पत्रं’कडे बघतं, म्हणून हात आपोआप ‘ए एस्क्रितास लास कार्तास’ असं लिहून जातो. ‘आबेर’ या साहाय्यकासोबत कृदन्त कधीही बदलत नाही: ‘ए एस्क्रितो’, मग पत्र एक असो की शंभर. ‘सेर’सोबत ते बदलतं. दोन्ही एकत्र आली की नियम डोळ्यांसमोर दिसतो: ‘लास कार्तास आन सिदो एस्क्रितास’ (पत्रं लिहिली गेली आहेत). ‘सिदो’ हे ‘आबेर’ला चिकटलेलं, म्हणून अचल, ‘एस्क्रितास’ हे पत्रांना चिकटलेलं, म्हणून स्त्रीलिंगी अनेकवचनी. हे एक वाक्य पाठ केलंत तर बरंच काम होईल.

आता पहिलं वाक्य. ‘एल एस्पान्योल एस आब्लादो आकी’ ऐवजी शिक्षकांनी ‘आकी से आब्ला एस्पान्योल’ लिहिलं असणार. हा ‘से’, म्हणजे क्रियापदाआधी येणारं छोटं सर्वनाम, सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

काम कोण करतं हे महत्त्वाचं नसेल आणि ज्यावर क्रिया होते ती वस्तू असेल, तर स्पॅनिश माणूस जवळजवळ नेहमी ‘से’ वापरतो. दारावरच्या पाट्या आठवा. ‘से आल्किला’ म्हणजे ‘भाड्याने देणे आहे’, ‘से बेंदे’ म्हणजे ‘विकणे आहे’. आपल्या पाटीतही कोण देणार, कोण विकणार याचा पत्ता नसतो आणि कोणाला तो विचारावासाही वाटत नाही. पाककृतीत ‘से पेलान लास पातातास, से कोर्तान इ से फ्रिएन’ (बटाटे सोलावेत, चिरावेत आणि तळावेत). उपकरणांच्या माहितीपत्रकात, नियमावलीत, शास्त्रीय लेखनात, घरातल्या बोलण्यात, सगळीकडे हेच.

क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं. एक खोली असेल तर ‘से आल्किला उना आबितासियोन’, अनेक असतील तर ‘से आल्किलान आबितासियोनेस’. ‘से बेंदे पीसोस’ (फ्लॅट विकणे आहेत) अशा एकवचनी पाट्या रस्त्यावर दिसतात, पण प्रमाण लेखनात ‘से बेंदेन पीसोस’ हेच हवं, आणि परीक्षेत तर नक्कीच. दुसरं, वस्तू सहसा क्रियापदानंतर येते. ‘पीसोस से बेंदेन’ असं उपपद (‘लोस’, ‘लास’सारखं) नसलेलं नाम वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं की वाक्य लंगडं होतं. मराठीत कर्म आधी येतं, म्हणून आपल्याकडून ही चूक सहज होते. ‘लोस पीसोस से बेंदेन बिएन’ (ते फ्लॅट चांगले खपतात) हे चालतं, कारण तिथे ठरावीक फ्लॅटबद्दल बोलणं सुरू आहे.

या ‘से’ वाक्याला ‘पोर’ (कडून) लावून कर्ता जोडू नका. ‘से फिर्मो एल कोन्त्रातो पोर एल दिरेक्तोर’ (संचालकांकडून करारावर सही झाली) अशी वाक्यं कायद्याच्या आणि सरकारी कागदांत सापडतात, पण तुमच्या लेखनात ती नकोत. कर्ता सांगायचाच असेल तर ‘से’ कशाला? सरळ ‘एल दिरेक्तोर फिर्मो एल कोन्त्रातो’ म्हणा. मात्र ‘से सुस्पेन्दियो एल पार्तिदो पोर ला युबिया’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण इथला ‘पोर’ म्हणजे ‘कडून’ नव्हे, ‘मुळे’: पावसामुळे सामना थांबवण्यात आला.

आता माणसांकडे येऊ. इथे मराठी अशी मदतीला येते की शिकवताना मला दरवेळी आनंद होतो. मराठीत ‘चोर पकडले गेले’ असंही म्हणता येतं आणि ‘चोरांना पकडलं गेलं’ असंही. पहिल्यात क्रियापद चोरांप्रमाणे चाललं, कर्मणी झालं. दुसऱ्यात ‘ना’ प्रत्यय लागला, क्रियापदाने चोरांशी नातं तोडलं आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर झालं, भावे झालं. स्पॅनिशमध्येही हेच घडतं. आपल्या ‘ला/ना’च्या जागी ते ‘आ’ वापरतात आणि ‘आ’ आला की क्रियापद एकवचनात थांबतं: ‘से देतुबो आ लोस लाद्रोनेस’. चोर कितीही असले तरी ‘देतुबो’.

हा ‘आ’ गाळला तर काय होईल? ‘से देतुबिएरोन लोस लाद्रोनेस’ म्हणजे ‘चोर थांबले’, स्वतःहून. माणसं स्वतःवर किंवा एकमेकांवर क्रिया करू शकतात, त्यामुळे नुसता ‘से’ दिसला की ऐकणारा आधी तोच अर्थ घेतो. ‘से मातारोन लोस सोल्दादोस’ म्हटलं तर सैनिकांनी एकमेकांना मारलं की आत्महत्या केली, असा प्रश्न पडतो. ‘से मातो आ लोस सोल्दादोस’ म्हटलं की ते मारले गेले, हे स्पष्ट होतं. वस्तूंच्या बाबतीत हा गोंधळ क्वचितच होतो, म्हणून त्यांना ‘आ’ची गरज नाही.

माणसं असूनही ‘आ’ येत नाही, अशी एक जागा आहे. ‘से बुस्कान कामारेरोस’, म्हणजे ‘वेटर पाहिजेत’. इथे ठरावीक माणसं नाहीत, कोणीही चालेल, म्हणून कर्मणीसारखं अनेकवचन. ‘से बुस्का आ लोस लाद्रोनेस’, म्हणजे ‘त्या चोरांना शोधलं जात आहे’. इथे ठरावीक माणसं, म्हणून ‘आ’ आणि एकवचन. आपणही ‘मी स्वयंपाकी शोधतोय’ आणि ‘मी त्या स्वयंपाक्याला शोधतोय’ असा फरक करतो. पुस्तकातल्या नियमापेक्षा स्वतःच्या कानावर विश्वास ठेवा. मराठी वाक्यात ‘ला/ना’ लावावासा वाटला, तर माणसांच्या बाबतीत स्पॅनिशमध्येही बहुतेक वेळा ‘आ’ लागतो.

‘से’चा आणखी एक उपयोग अकर्मक क्रियापदांसोबत होतो: ‘आकी से बिबे बिएन’ (इथलं राहणं सुखाचं आहे), ‘एन एस्ता कामा से दुएर्मे माल’ (या खाटेवर झोप चांगली लागत नाही). क्रियापद पुन्हा एकवचनीच. ज्या क्रियापदात ‘से’ मुळातच आहे, उदाहरणार्थ ‘लेबान्तार्से’ (उठणे), तिथे दुसरा ‘से’ घालता येत नाही. तिथे ‘उनो’ वापरतात: ‘उनो से लेबान्ता तेम्प्रानो’, माणूस लवकर उठतो.

सायकलचं वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि पोलिसांच्या कागदावर शोभेल. बोलताना मात्र ‘मे रोबारोन ला बिसिक्लेता’. क्रियापद ‘ते’चं, पण ‘ते’ म्हणजे कोणीच नाही. आपण ‘म्हणतात’, ‘सांगतात’ असं कर्त्याशिवाय बोलतो, तसंच: ‘दिसेन के बा आ योबेर’, पाऊस येणार म्हणतात. चोर एकटा असला तरी क्रियापद अनेकवचनीच, आणि ‘एयोस’ (ते) हे सर्वनाम चुकूनही घालायचं नाही. घातलंत तर खरोखरच कोणीतरी ‘ते लोक’ उभे राहतात. या रचनेत करणारा नेहमी माणूस असतो आणि बोलणारा स्वतः त्यात नसतो. ‘से’मध्ये बोलणाराही सामील असू शकतो. ‘एन एस्ता कासा से सेना तार्दे’ (या घरात रात्रीचं जेवण उशिरा होतं) असं मी माझ्या घराबद्दल म्हणेन; ‘सेनान तार्दे’ म्हटलं तर ते दुसऱ्यांबद्दलचं होईल.

तिसरं वाक्य, ‘फुई दादो उन लिब्रो’, चारांपैकी खरोखर चुकीचं एवढंच. ज्याला काही दिलं, सांगितलं, दाखवलं जातं तो स्पॅनिशमध्ये या रचनेचा कर्ता होऊच शकत नाही. इंग्रजीत होतो, म्हणून ही चूक घडते. मराठीतही ‘मी पुस्तक दिला गेलो’ असं कोणी म्हणत नाही. ‘मला पुस्तक दिलं’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘मे दिएरोन उन लिब्रो’. ‘मला सांगण्यात आलं’ हे ‘मे दिखेरोन’ किंवा जरा औपचारिक ‘से मे इन्फोर्मो’.

आजोबांचं वाक्य सर्वांत बारीक आहे. ते चूक नाही, अवघडलेलं आहे. विद्यार्थ्याला घराबद्दल बोलायचं होतं, म्हणून घर आधी आणायचं होतं. इंग्रजीत कर्म आधी आणायला पॅसिव्हच करावं लागतं, कारण तिथे शब्दांचा क्रम बांधलेला आहे. मराठीत आपण नुसते शब्द हलवतो: ‘हे घर माझ्या आजोबांनी बांधलं’. स्पॅनिशही शब्द हलवते, फक्त पुढे आणलेल्या कर्माची खूण म्हणून एक छोटं सर्वनाम ठेवते: ‘एस्ता कासा ला कोन्स्त्रुयो मि आबुएलो’. तो ‘ला’ विसरायचा नाही. पुल्लिंगी वस्तू असेल तर ‘लो’, अनेकवचनी असेल तर ‘लोस’ किंवा ‘लास’. माझ्या अनुभवात, ही एक रचना हाताला बसली की विद्यार्थ्याच्या लेखनातली निम्मी ओढूनताणून केलेली पॅसिव्ह वाक्यं आपोआप गळतात.

मग ‘सेर’ कधी? पनामा कालव्याच्या वाक्यात दोन गोष्टी आहेत: नोंद ठेवण्याचा औपचारिक सूर आणि पूर्ण झालेली, तारखेला बांधलेली घटना. इतिहास, बातमी, चरित्र, न्यायालयाचा निकाल या ‘सेर’च्या हक्काच्या जागा. ‘ला कोन्स्तितुसियोन फुए आप्रोबादा पोर लास कोर्तेस एन 1978’, स्पेनची राज्यघटना 1978 मध्ये संसदेने मंजूर केली. करणाराच नवी माहिती असेल, तेव्हाही लिखित भाषेत ‘सेर’ शोभतं: ‘एल गेर्निका फुए पिन्तादो पोर पिकासो एन 1937’, ‘गेर्निका’ हे चित्र पिकासोने 1937 मध्ये रंगवलं. तेच बोलताना ‘एल गेर्निका लो पिन्तो पिकासो’ असं म्हणतील. एखाद्या व्यक्तीचं चरित्र सांगताना कर्ता न बदलता वाक्यं गुंफायची असतील तरी ते कामी येतं: जन्मली, मग ‘फुए नोम्ब्रादा’ म्हणजे तिची नेमणूक झाली, मग ‘फुए एलेखिदा’ म्हणजे ती निवडून आली.

करणारा ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर मात्र ‘सेर’ टाळा. ‘ला सेना फुए प्रेपारादा पोर मी’ हे कानाला ‘रात्रीचं जेवण माझ्याकडून बनवलं गेलं’ इतकंच विचित्र लागतं.

काळाचीही एक मर्यादा आहे. क्षणात उरकणाऱ्या क्रिया ‘सेर’च्या वर्तमानात नीट बसत नाहीत. ‘ला पुएर्ता एस आबिएर्ता पोर एल पोर्तेरो’ हे ‘आत्ता द्वारपाल दार उघडतोय’ या अर्थी कोणी म्हणणार नाही. रोजची रीत किंवा नाटकातली सूचना म्हणून एखाद वेळी चालेल. मनातल्या भावना आणि टिकणारी नाती मात्र वर्तमानात सहज येतात: ‘एस रेस्पेतादा पोर तोदोस’, सगळे तिला मान देतात. चालू असलेल्या कामासाठी ‘एल कासो एस्ता सिएन्दो इन्बेस्तिगादो’ (प्रकरणाची चौकशी केली जात आहे) बातम्यांत वाचायला मिळतं, पण ‘से एस्ता इन्बेस्तिगान्दो एल कासो’ जास्त हलकं आहे आणि मी तेच लिहीन.

‘एस्तार’ या ‘असणे’च्याच दुसऱ्या क्रियापदाशी होणारी गल्लतही सोडवायला हवी. ‘ला पुएर्ता फुए सेर्रादा’ म्हणजे दार बंद केलं गेलं, बंद करण्याची क्रिया घडली. ‘ला पुएर्ता एस्ता सेर्रादा’ म्हणजे दार बंद आहे. क्रिया केव्हाच संपली, तिचा परिणाम समोर आहे. ‘खिडकी फोडली गेली’ आणि ‘खिडकी फुटलेली आहे’ यांतला हा फरक आहे. भूतकाळात चूक जास्त होते, कारण इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द येतो. मी पोचले तेव्हा दुकानं बंद होती: ‘कुआन्दो येगे, लास तिएन्दास एस्ताबान सेर्रादास’. तिथे ‘फुएरोन’ घातलं तर मी पोचताच कोणीतरी ती बंद केली, असा अर्थ होतो. मराठी वाक्यात ‘-लेला आहे’ किंवा ‘-लेली होती’ बसत असेल, तर ‘एस्तार’ घ्या. सहसा यासोबत करणारा येत नाही, पण त्याची खूण परिणामात टिकून असेल तर येतो: ‘एल दोकुमेन्तो एस्ता फिर्मादो पोर एल दिरेक्तोर’. वेढलेलं असणं, झाकलेलं असणं अशा अवस्थांसोबत ‘पोर’ऐवजी सहसा ‘दे’ येतो: ‘एस्ता रोदेआदा दे मोन्तान्यास’, डोंगरांनी वेढलेली आहे.

शेवटची रचना विद्यार्थ्याने विचारलेली नाही, पण मराठी भाषकाला ती इतक्या सहज कळते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘से मे कायो एल बासो’, माझ्या हातून पेला पडला. ‘से मे ओल्बिदारोन लास याबेस’, मी किल्ल्या विसरले. क्रियापद किल्ल्यांप्रमाणे अनेकवचनी. मुद्दाम न केलेली गोष्ट, ज्याच्या हातून घडली त्याला ‘मे, ते, ले’ने (मला, तुला, त्याला/तिला) बाजूला ठेवून सांगायची. इंग्रजीच्या वाटेने जाणारा इथे अडखळतो. आपल्याला ‘हातून’ हा शब्द आठवला की पुरे.

सरावासाठी एखाद्या स्पॅनिश दैनिकातली चार ओळींची बातमी घ्या, त्यातल्या ‘फुए’ आणि ‘फुएरोन’खाली रेघा मारा आणि तीच बातमी मैत्रिणीला तोंडी सांगायची आहे असं समजून पुन्हा लिहा. प्रत्येक ‘फुए’च्या जागी ‘से’ येतो, ‘ते’चं क्रियापद येतं, की कर्म पुढे आणून ‘लो’ किंवा ‘ला’ येतो, हे एकेका वाक्यात ठरवा. मग उलट करा: एखाद्या मुलाखतीतलं बोलणं घेऊन त्याची बातमी बनवा. दुसरी दिशा जास्त कठीण जाते. तिथे अडलात, तर ते वाक्य आधी मराठी बातमीच्या भाषेत करून पाहा. जिथे ‘करण्यात आले’ नैसर्गिक वाटेल, तिथेच ‘फुए’ ठेवा.